मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे आणि डोळा सांभाळणारी माणसे

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर मोफत नेत्रतपासणी आणि मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिरांच्या बातम्या आम्ही नेहमी वाचतो. किती जणांची तपासणी झाली, किती जणांना शस्त्रक्रियेसाठी नेले, उद्घाटनाला कोण कोण उपस्थित होते, हे सगळे त्यात सविस्तर असते. ही शिबिरे भरवणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे, कारण माझ्या सासूबाईंना पुन्हा दिसू लागले ते अशाच एका शिबिरामुळे. परंतु बातमी जिथे संपते, तिथून पुढचे सहा आठवडे तो डोळा रुग्णाच्या घरी असतो, आणि तो सांभाळायचा कसा हे त्या घरातल्या माणसांना क्वचितच कोणी शिकवलेले असते. त्या सहा आठवड्यांबद्दल, आमच्या घरी झालेल्या चुकीसकट, मला लिहायचे आहे.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचे वय बहात्तर, बारा वर्षांपासून मधुमेह. गेल्या माघात त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली, डॉक्टरांनी यंत्रावर डोळा तपासून समाधान व्यक्त केले आणि आम्हाला घरी जायला सांगितले. परिचारिकेने माझ्या हाती एक पिशवी दिली. तिच्यात काळा चष्मा, रात्री डोळ्यावर बांधायचे प्लॅस्टिकचे कवच, ड्रॉपच्या दोन बाटल्या, पाच दिवसांच्या गोळ्या आणि एक कागद होता. कागद इंग्रजीत होता आणि एका औषधाच्या नावापुढे सहा, पाच, चार, तीन, दोन, एक असे आकडे ओळीने लिहिलेले होते. मागे रांगेत पंधरावीस माणसे उभी होती, बाहेर गाडीचा चालक हाका मारत होता. मी विचारले, "हे रोज कमी करत जायचे ना?" आणि परिचारिकेने मान हलवली.

मी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवले आहे. तरीही त्या आकड्यांचा अर्थ मी चुकीचा लावला. पहिल्या दिवशी सहा वेळा, दुसऱ्या दिवशी पाच वेळा, असे करत सहाव्या दिवशी एक थेंब घालून मी ते औषध बंद केले, आणि वेळापत्रक चोख पाळल्याचे मला समाधानही वाटले. प्रत्यक्षात ते आकडे आठवड्यांचे होते. पहिला आठवडा रोज सहा वेळा, दुसरा आठवडा रोज पाच वेळा, अशा रीतीने सहा आठवड्यांत ते औषध उतरवत न्यायचे होते. आठव्या दिवशी तपासणीला बोलावले होते, पण शाळूची काढणी चालू होती, गाडीची सोय नव्हती, आणि डोळा तर चांगला दिसत होता, म्हणून आम्ही दोनतीन दिवस पुढे ढकलले. दहाव्या दिवशी आत्यांना उजेड सहन होईना, बुबुळाभोवती लाली आली आणि काल स्पष्ट दिसणारे आज धुरकट दिसू लागले. त्याच दिवशी त्यांना घेऊन गेलो म्हणून निभावले. डोळ्याच्या आत सूज आली होती. ड्रॉप पुन्हा पहिल्यापासून सुरू केले आणि तीन आठवड्यांनी डोळा निवळला.

या औषधाचे काम काय असते हे मला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचे गढूळ होणे. शस्त्रक्रियेत ते गढूळ भिंग काढून, त्याचे पातळ आवरण तसेच ठेवून, आत कृत्रिम भिंग बसवतात. ही हाताळणी कितीही कुशलतेने झाली तरी डोळ्याचा आतला नाजूक भाग थोडा सुजतोच. ती सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडचा ड्रॉप असतो आणि जंतू रोखण्यासाठी प्रतिजैविकाचा. प्रतिजैविक सहसा लवकर थांबवतात. स्टेरॉइड मात्र पायरीपायरीने कमी करत चारसहा आठवड्यांनी बंद करतात. ते मध्येच तोडले तर दबलेली सूज पुन्हा उसळते, आणि आमच्याकडे तेच झाले. याच्या उलट चूकही मी आमच्या गल्लीत पाहिली आहे. एका गृहस्थांना त्या ड्रॉपने डोळ्याला फार बरे वाटते म्हणून मुदत संपल्यावरही ते औषधाच्या दुकानातून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणत राहिले. काही जणांच्या डोळ्यात स्टेरॉइडमुळे दाब वाढतो, आणि हा दाब सहसा दुखत नाही, खुपत नाही, कळतच नाही. काही महिन्यांनी चष्म्यासाठी तपासणी झाली तेव्हा दाब बराच वाढल्याचे आढळले. वाढलेल्या दाबाने काचबिंदू होऊन जी नजर जाते, ती परत आणता येत नाही. तेव्हा हे औषध लवकर सोडणेही घातक आहे आणि मनाने चालू ठेवणेही घातक आहे. तारीख डॉक्टरांनी ठरवायची आणि ती कागदावर मराठीत, आठवडा हा शब्द लिहून, स्पष्ट असली पाहिजे.

थेंब घालायचा कसा, हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे हे मला पूर्वी पटले नसते. पहिल्या दिवशी मी आत्यांचे डोके मागे केले, त्यांनी डोळा घट्ट मिटला, मी बोटाने पापणी ओढली, बाटली दाबली आणि औषध गालावरून कानात गेले. दुसऱ्या वेळी बाटलीचे तोंड त्यांच्या पापणीच्या केसांना टेकले. या दोन्ही चुका अगदी सार्वत्रिक आहेत. कॅनडात मोतीबिंदूच्या रुग्णांची एक लहानशी पाहणी झाली होती आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ड्रॉपची पूर्वी सवय नसलेल्या दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांची थेंब घालण्याची पद्धत चुकीची निघाली. तिकडच्या शिकलेल्या रुग्णांची ही स्थिती असेल, तर थरथरत्या हातांच्या आणि एकट्या राहणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या माणसांकडून आपण काय अपेक्षा करावी?

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी मला ती पद्धत स्वतः करून दाखवली आणि मग माझ्या हातून करून घेतली. आधी दोन्ही हात साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याला पुसायचे. पदराला पुसायचे नाहीत. माझा हात सवयीने पदराकडे गेला तेव्हा त्यांनी मला थांबवले. औषध पांढरट, दुधासारखे दिसत असेल तर बाटली चांगली हलवायची, कारण त्यातला औषधी अंश तळाला बसलेला असतो आणि न हलवता घातले तर वरचे पाणीच डोळ्यात जाते. रुग्णाला उताणे निजवायचे किंवा मान मागे टेकवून बसवायचे आणि वर आढ्याकडे बघायला सांगायचे. खालची पापणी गालाच्या हाडावर बोट ठेवून हलकेच खाली ओढायची, म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यात एक छोटा खळगा तयार होतो. त्या खळग्यात वरून एकच थेंब सोडायचा आणि बाटलीचे तोंड कशालाही लागू द्यायचे नाही. मग डोळा अलगद मिटून दोन मिनिटे तसेच राहायचे, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर नाकाकडचा कोपरा बोटाने हलका दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात-घशात न उतरता डोळ्यातच राहते. एका थेंबातच डोळ्यात मावते त्याहून जास्त औषध असते, त्यामुळे "चांगला लागू पडावा" म्हणून दोनतीन थेंब ओतण्याने केवळ बाटली लवकर संपते. दुसरे औषध लगेच घातले तर ते पहिल्याला धुऊन काढते. मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावी लागतात. हे सगळे शिकायला मला दहा मिनिटे लागली. तीच दहा मिनिटे पट्टी सोडली त्या सकाळी मिळाली असती तर बरे झाले असते.

आणखी एक सांगते, कारण हे प्रसंग घराघरांत घडतात. आमच्या देवळीत आत्यांच्या ड्रॉपशेजारी कानात घालायच्या औषधाची बाटली होती. तेवढीच उंची, तसेच पांढरे झाकण. संध्याकाळच्या अंधुक उजेडात माझ्या यजमानांनी ती उचललीच होती. त्या दिवसापासून डोळ्याची औषधे एका स्टीलच्या डब्यात वेगळी ठेवली, बाटल्यांवर कागदाची पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरांत "डोळा" आणि उघडल्याची तारीख लिहिली. उघडलेली बाटली महिनाभरानंतर वापरायची नसते, कारण ती उघडझाप होऊन दूषित होते. अनेक घरांत ती पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या डोळ्यासाठी जपून ठेवतात.

आता सर्वांत गंभीर गोष्टीकडे येते. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका आजोबांची शस्त्रक्रिया दुसऱ्या एका शिबिरात झाली होती. पहिले दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी रात्री डोळा ठणकू लागला. घरच्यांना वाटले, एवढे ऑपरेशन झाले आहे, दुखणारच. त्यांनी अंगदुखीची गोळी दिली. चौथ्या दिवशी पापणी सुजली, डोळा लालभडक झाला, चिकट घाण येऊ लागली आणि नजर अंधारली. तपासणीची तारीख शनिवारची होती म्हणून शनिवारपर्यंत थांबले. तेव्हा डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग पसरलेला होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात डोळ्याच्या आत औषधाची इंजेक्शने दिली, पुढे आणखी शस्त्रक्रिया केली. बुबुळ वाचले, परंतु आज त्या डोळ्याने त्यांना दिवस आहे की रात्र एवढेच कळते. संसर्ग कोठून आला हे मला ठाऊक नाही आणि कोणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. असा संसर्ग फारच थोड्या जणांना होतो, बहुतांश वेळा पहिल्या आठवड्यातच होतो, आणि झाला तर तासांवर सगळे अवलंबून असते. ज्या रात्री ठणका लागला त्याच रात्री ते डॉक्टरांपर्यंत पोचले असते, तर डोळा वाचण्याची शक्यता पुष्कळ जास्त होती. त्यांच्या हातातल्या कागदावर "वेदना वाढल्यास त्वरित संपर्क साधा" हे वाक्य होते. ते इंग्रजीत होते आणि खाली दिलेला दूरध्वनी क्रमांक कार्यालयीन वेळेतच उचलला जात होता.

म्हणून काय साधारण आणि काय धोक्याचे, हा फरक घरच्या माणसांना तोंडी, त्यांच्या भाषेत सांगितला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोळा खुपणे, वाळूचा कण गेल्यासारखे वाटणे, थोडे पाणी येणे, उजेड टोचणे, कडेला सावली किंवा चमक जाणवणे हे साधारण आहे आणि ते दिवसेंदिवस कमी होत गेले पाहिजे. रंग वेगळे दिसणेही साधारण आहे. आत्या तिसऱ्या दिवशी आपल्या जुन्या लुगड्याचा काठ हातात धरून बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा काठ तर निळा आहे. मी इतकी वर्षं हिरवाच समजत होते." पिकत चाललेले भिंग पिवळट होत जाते, त्यातून निळा रंग नीट येत नाही, आणि नवे स्वच्छ भिंग बसले की तो एकदम उजळून दिसतो. कमी होण्याऐवजी वाढत जाणारे दुखणे, वाढत जाणारी लाली, दिसू लागल्यानंतर पुन्हा कमी झालेली नजर आणि पापण्या चिकटवणारा स्राव, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तारखेची वाट पाहायची नाही. रात्र असो की सण असो, निघायचे. डोळा आणि त्याच बाजूचे डोके जोराने दुखून उलट्या होऊ लागल्या, तर आपल्याकडे पित्त उसळले म्हणून पित्ताची गोळी देतात. तो डोळ्यातला दाब वाढल्याचा परिणाम असू शकतो आणि त्यालाही तातडीने उतार द्यावा लागतो. डोळ्यापुढे अचानक काळ्या ठिपक्यांचा थवा येणे, विजेसारखे चमकणे किंवा एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखे वाटणे, हे डोळ्याचा आतला पडदा सुटत असल्याचे लक्षण असू शकते. ते काही महिन्यांनी, अगदी वर्षांनीही उद्भवू शकते, विशेषतः ज्यांना पूर्वी दूरचा मोठ्या नंबरचा चष्मा होता त्यांच्यात.

पथ्यांचा विषय आमच्याकडे फार गुंतागुंतीचा होऊन बसला आहे. भाताने जखमेत पू होतो, डाळ वातूळ, वांगे वर्ज्य, आंबट तर नकोच, असे सांगणाऱ्या बायका रोज समाचाराला येत. आत्यांनी त्यांचे ऐकून तीन दिवस भाकरी आणि दूध, तेही निम्मे, एवढ्यावर काढले. मधुमेहाची गोळी मात्र चालूच होती. चौथ्या दिवशी दुपारी त्या अंगणात घामाघूम होऊन मटकन खाली बसल्या. साखर उतरली होती. त्या तोंडावर पडल्या असत्या तर नव्या डोळ्याचे काय झाले असते, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो. डोळ्याच्या या जखमेसाठी अन्नातले काहीही वर्ज्य नसते. नेहमीचे घरचे जेवण जेवावे, मधुमेहाच्या माणसाने आपले मधुमेहाचे पथ्य आणि औषधे नेहमीप्रमाणे पाळावीत, साखर ताब्यात ठेवावी, कारण वाढलेल्या साखरेने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून भाजी आणि पाणी भरपूर असावे. शौचाला जोर केल्याने डोळ्यावर ताण येतो. जोराचा खोकला असेल तर तो डॉक्टरांना सांगावा.

ज्या गोष्टी खरोखर टाळायच्या असतात त्या अन्नातल्या नसून हाताच्या आणि पाण्याच्या असतात. या शस्त्रक्रियेत टाके बहुधा नसतात. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग आतच फोडून काढतात तिच्यात, चीर अडीचतीन मिलिमीटरची असते; शिबिरांत पुष्कळदा करतात त्या लहान छेदाच्या पद्धतीत ती सहासात मिलिमीटरची असते. ती अशा तिरक्या रीतीने घेतलेली असते की डोळ्याच्या आतल्या दाबानेच तिचे ओठ मिटून राहतात. बाहेरून डोळा चोळला किंवा दाबला तर हेच ओठ उघडू शकतात आणि बाहेरचे पाणी, जंतू आत जाऊ शकतात. चोळायचे का नाही, याचे कारण मी आत्यांना अशा शब्दांत सांगितले तेव्हा त्यांना ते लगेच पटले. आधीचे नुसते "हात लावू नका" त्या विसरून जात होत्या. झोपेत हात जातो म्हणून रात्री कवच बांधायचे. तोंडावर पाण्याचे हबके मारायचे नाहीत, अंघोळ गळ्याखालून करायची, डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही. पापण्या साफ करायच्या त्या उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापसाने, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसून, आणि तो बोळा टाकून द्यायचा. काजळ, सुरमा, गुलाबपाणी, मध, तूप, तुळशीचा रस यांतले काहीही डोळ्यात जाता कामा नये. यातले प्रत्येक औषध आमच्याकडे कोणी ना कोणी अत्यंत प्रेमाने सुचवले होते, म्हणून ते नाकारणे अवघड गेले.

घागर उचलणे, वाकून झाडणे, सरपणाची मोळी, म्हशीची धार, चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणे ही कामे निदान काही आठवडे बंद ठेवावी लागतात. पुरुषांना ही सवलत घरात सहज मिळते. बायकांची गोष्ट वेगळी असते. पट्टी निघाली, दिसायला लागले, म्हणजे ही बरी झाली असे घर गृहीत धरते, आणि तीही स्वतःहून चुलीपाशी जाऊन बसते, कारण रिकामे बसणे तिला अपराधासारखे वाटते. पाचव्या दिवशी आत्या मळणीच्या जागी कणसे गोळा करायला गेल्या होत्या. आजूबाजूला धूळ आणि भुसकट उडत होते आणि काळा चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला होता. त्या दिवशी मी त्यांना रागावले. त्यांना रागावण्याची माझ्या संसारातली ती पहिलीच वेळ. काळा चष्मा वारा, धूळ आणि स्वतःचे बोट या तिन्हींपासून संरक्षण देतो, म्हणून बाहेर तो हवाच. मात्र अंधाऱ्या घरात तो लावून वावरणाऱ्यांना ठेचकाळताना मी पाहिले आहे. तिथे तो काढून ठेवणे बरे. वाचन, दूरचित्रवाणी, निवडणे-टिपणे याने डोळ्याला इजा होत नाही. आत्यांना आठ दिवस उगाच अंधारात बसवून ठेवले याचे मला वाईट वाटते.

नजर स्थिर व्हायला चारसहा आठवडे लागतात आणि मगच चष्म्याचा नंबर काढतात. सर्वसाधारण भिंग दूरचे दिसण्यासाठी बसवलेले असते, त्यामुळे वाचायला आणि सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच. हे आधी सांगितलेले नसले की ऑपरेशन फसले असा बोभाटा गावभर होतो. तसेच काही जणांना महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागते आणि मोतीबिंदू परत आला म्हणून ते निराश होतात. मोतीबिंदू परत येत नाही. भिंगामागचे जे आवरण ठेवलेले असते ते गढूळ होते, आणि लेझरने काही मिनिटांत, चीर न घेता, त्याला खिडकी पाडता येते.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याने लाखो लोकांना दृष्टी दिली आहे. याच कार्यक्रमाच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीनुसार पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच आहे, म्हणून शस्त्रक्रिया टाळू नये, लांबवू नये, "पिकू द्या" म्हणत बसू नये, हे मी ठासून सांगते. परंतु त्याच पाहणीत ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतींमुळे आल्याचे नोंदले आहे, आणि हे प्रमाण काचबिंदूमुळे आलेल्या ५.५ टक्क्यांहून अधिक आहे. यातला सगळा वाटा नंतरच्या काळजीच्या अभावाचा नाही. शस्त्रक्रियागृहातल्या उणिवाही त्यात असणार. तरीही जेवढा वाटा घरातल्या अज्ञानाचा आहे, तेवढा दूर करायला यंत्रे लागत नाहीत, निधीही फारसा लागत नाही.

शिबिर भरवणाऱ्या संस्थांना आणि आरोग्य विभागाला माझी विनंती अशी की, रुग्णासोबत घरातले जे माणूस प्रत्यक्ष थेंब घालणार आहे तेच शस्त्रक्रियेच्या वेळी बोलवावे आणि पट्टी सोडल्यानंतर परिचारिकेसमोर त्याच्याच हातून एक थेंब घालून घ्यावा. तो नीट पडला की मगच पिशवी हाती द्यावी. ज्यांच्या घरी कोणीच नाही, अशा एकट्या माणसांची नावे आशा सेविकेकडे द्यावीत. गावातली आशाच बहुतेकदा त्यांना शिबिरापर्यंत घेऊन आलेली असते, तेव्हा तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी तिने त्यांच्या दारात जाऊन डोळा पाहणे सहज शक्य आहे; त्याचा मोबदला मात्र तिला वेगळा मिळाला पाहिजे. कागद मराठीत, मोठ्या ठळक अक्षरांत असावा, त्यावर आठवड्यांचे कोष्टक असावे, आणि रात्रीसुद्धा उचलला जाईल असा एक क्रमांक असावा. पहिल्या आठवड्याच्या तपासणीलाही रुग्णांना गावातून गाडीने न्यावे. शस्त्रक्रियेला न्यायला गाडी येते, तपासणीला येत नाही, आणि काढणीच्या दिवसांत पंचवीस मैल जाऊन येण्यासाठी एक पूर्ण दिवस आणि दोन माणसांचा रोज मोडतो, ही अडचण खरी आहे.

आत्यांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया येत्या कार्तिकात ठरली आहे. या खेपेला मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सहा आठवडे आताच आखून ठेवले आहेत आणि प्रत्येक चौकटीत जेवढे थेंब तेवढे ठिपके काढले आहेत. थेंब घातला की त्या स्वतः पेन्सिलने एकेक ठिपका खोडणार आहेत.

संपादक महोदय, आपणासही एक विनंती आहे. शिबिराची बातमी छापताना संयोजकांकडून रुग्णांच्या फेरतपासणीची तारीख, ठिकाण आणि रात्रीचा संपर्क क्रमांक मागून घेऊन तो बातमीच्या शेवटी ठळक अक्षरांत छापावा. आमच्याकडे वर्तमानपत्र पारावर मोठ्याने वाचले जाते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
तालुका खटाव, जिल्हा सातारा